वस्तुमानकेंद्र (तळटीप)

* कणसमूहावर बाहेरचे बल नसेल, तर आत कितीही ओढाताण चालो, त्याचे वस्तुमानकेंद्र स्थिर राहते किंवा एकाच वेगाने सरळ रेषेत जाते. दिवाळीत नामपूरवर फुटणाऱ्या बाणाला ही सवलत नाही. त्याच्या ठिणग्यांवर गुरुत्वाकर्षणाचा आणि मोसम नदीकाठच्या वाऱ्याचाही हक्क असतो.

चोख उदाहरण हवे तर खोडदचे घ्यावे. तिथल्या जीएमआरटी या रेडिओ दुर्बिणीच्या ४५ मीटर व्यासाच्या ३० अँटेना स्पंदताऱ्यांचे ठोके टिपतात. पृथ्वी सूर्याभोवती फिरत असल्याने हे ठोके कधी ८ मिनिटांपर्यंत लवकर, कधी तितकेच उशिरा पोचतात. म्हणून प्रत्येक नोंद सूर्यमालेच्या, जवळजवळ एकाच वेगाने सरळ जाणाऱ्या, वस्तुमानकेंद्रावरच्या वेळेत बदलून घेतात. खुद्द सूर्याचा आधार इथे पुरत नाही: एकटा गुरूच त्याला या बिंदूपासून सुमारे ७.४ लाख किलोमीटर दूर ठेवतो, आणि सूर्याची त्रिज्या आहे जेमतेम ७ लाख. — संपा.