कलोडनचा माळ आणि एक लांबलचक कादंबरीमाला

इतिहास शिकविणाऱ्याने कादंबऱ्यांपासून चार हात दूर राहावे, असा एक समज आमच्या व्यवसायात रूढ आहे. मीही तो पुष्कळ वर्षे इमानाने पाळला. बेळगावच्या एका शाळेत फळ्यापुढे उभे राहून सनावळ्या सांगता सांगता माझी वीस वर्षे गेली. त्यामुळे माझ्या थोरल्या बहिणीने आपल्या सामानातून नऊ जाडजूड इंग्रजी कादंबऱ्या बाहेर काढल्या आणि त्या टेबलावर एकावर एक रचल्या, तेव्हा मला हसू आवरले नाही. “ताई, ही उतरंड कसली?” असे मी विचारले. तिने शांतपणे सांगितले, “वाच, आणि मग हस.”

माझी ही बहीण परिचारिका आहे. तिने कित्येक वर्षे आखाती देशातल्या एका रुग्णालयात काढली. २०२० साली टाळेबंदी झाली, विमाने थांबली आणि त्याच दिवसांत आमचे वडील वारले. पाद्री, मी आणि शेजारचे दोघेतिघे, एवढ्याच माणसांनी त्यांना माती दिली. ताईला येता आले नाही. दिवसभर ती परक्यांच्या आजारी आईबापांची शुश्रूषा करी आणि रात्री झोप लागेना, म्हणून ही पुस्तके वाची. हे तिने मला फार उशिरा सांगितले. ते कळल्यावर मी हसणे सोडले आणि पहिला खंड हाती घेतला.

या मालेचे नाव ‘आउटलँडर’, म्हणजे परकी, बाहेरून आलेली. लेखिका डायाना गॅबल्डन या अमेरिकेतील ॲरिझोना प्रांतातल्या. शिक्षणाने त्या शास्त्रज्ञ; कादंबरी कशी लिहितात हे आपल्याला जमते का, एवढे पाहण्यासाठी त्यांनी लेखणी उचलली. पहिला खंड १९९१ साली प्रसिद्ध झाला आणि नववा २०२१ साली. आपल्याकडे नाथमाधवांनी शिवकालावर एकामागून एक स्वराज्याच्या कादंबऱ्या लिहिल्या, आणि वाचकांनी पुढच्या भागाची वाट पाहावी असा काळ होता. त्या जातीची, पण तिच्यापेक्षा कितीतरी विस्तीर्ण अशी ही रचना आहे.

कथेचे बीज साधे आहे. दुसरे महायुद्ध नुकतेच संपले आहे. रणांगणावर जखमींची सेवा केलेली क्लेअर नावाची एक इंग्रज परिचारिका आपल्या इतिहाससंशोधक पतीबरोबर स्कॉटलंडच्या उत्तरेस इन्व्हर्नेस येथे आली आहे. तेथील एका टेकडीवर प्राचीन उभ्या शिळांचे वर्तुळ आहे. त्यातील एका शिळेला तिचा स्पर्श होतो आणि ती दोनशे वर्षे मागे, १७४३ सालात जाऊन पडते. तिथे तिची जेमी फ्रेझर या डोंगरी तरुणाशी गाठ पडते. पुढे विवाह, वियोग, पुनर्मीलन असे सारे काही आहे. शिळांचे ते वर्तुळ काल्पनिक आहे आणि जेमीही काल्पनिक आहे. परंतु ज्या काळात ती जाऊन पडते तो काळ मात्र काल्पनिक नाही.

तो काळ काय होता? १६८८ साली इंग्लंडचा कॅथलिक राजा दुसरा जेम्स याला सिंहासन सोडून पळावे लागले. त्याच्या वंशाला गादी परत मिळावी म्हणून झटणाऱ्यांना जॅकोबाइट म्हणत. जेम्सचे लॅटिन रूप जेकोबस. आमच्या मराठी बायबलातला याकोब तोच. या जेम्सचा नातू चार्ल्स एडवर्ड स्टुअर्ट हा रोममध्ये जन्मला व वाढला. १७४५ च्या उन्हाळ्यात तो मूठभर सोबत्यांनिशी स्कॉटलंडच्या किनाऱ्यावर उतरला आणि १९ ऑगस्टला ग्लेनफिनन येथे त्याने आपले निशाण उभारले. महिनाभरात एडिंबरो शहर त्याच्या हाती आले, प्रेस्टनपॅन्सची लढाई त्याने जिंकली आणि डिसेंबरच्या आरंभी तो थेट इंग्लंडमधील डर्बीपर्यंत जाऊन भिडला. लंडन तेथून सुमारे दोनशे किलोमीटर. परंतु इंग्लंडमधून अपेक्षित माणसे मिळाली नाहीत, फ्रान्सची मदत आली नाही, आणि सरदारांनी माघारीचा आग्रह धरला.

शेवट झाला तो १६ एप्रिल १७४६ रोजी, इन्व्हर्नेसजवळच्या कलोडनच्या माळावर. आदल्या रात्री शत्रूच्या छावणीवर छापा घालण्याचा बेत फसला होता. रात्रभर चालून दमलेली, पोटात अन्न नसलेली ती माणसे सकाळी दलदलीच्या जमिनीवर समोरून येणारा वारा आणि गारठलेला पाऊस झेलीत उभी राहिली. डोंगरी लोकांचे सारे सामर्थ्य तलवार उपसून एकदम तुटून पडण्यात. आणि पुढे होत्या कंबरलंडच्या ड्यूकच्या तोफा. लढाई तासाभराच्या आत संपली. जॅकोबाइटांची सुमारे दीड हजार माणसे पडली. नंतर जखमींनाही जी निर्दय वागणूक मिळाली तिच्यामुळे कंबरलंडला ‘खाटीक’ हे नाव कायमचे चिकटले.

श्रोतेहो, हे सारे मी पूर्वी वाचले होते. मग या कादंबऱ्यांनी मला नवे काय दिले? त्यांनी मला परिचारिकेची दृष्टी दिली. आम्ही शिक्षक लढाई शिकवितो ती नकाशावरच्या बाणांनी. क्लेअर लढाई पाहते ती जखमेच्या बाजूने. हे बोट वाचेल का, पाणी उकळले आहे का, या प्रश्नांपुढे राजा कोण याला तिच्या लेखी दुय्यम स्थान. जंतूंमुळे रोग होतात हे तिला ठाऊक आहे, पण अठराव्या शतकात तिचे कोण ऐकणार? पुढील एका खंडात ती बुरशीपासून स्वतःच पेनिसिलिन तयार करू पाहते. ताईने त्या पानांच्या कडेला पेन्सिलीने खुणा केल्या होत्या. “तू लढाया शिकवतोस, त्यानंतरच्या रात्रीबद्दल कधी एक वाक्य तरी बोलतोस का?” असे तिने मला विचारले. माझ्यापाशी उत्तर नव्हते.

आणखी एक कबुली. लहानपणापासून माझ्या मनाचा कल स्टुअर्ट घराण्याकडे होता. धर्मासाठी राज्य गमावलेले राजे, म्हणजे आपलेच, असे मला वाटे. या कादंबऱ्यांमुळे मी पुन्हा इतिहासाची पाने चाळली आणि माझा तो भाबडा समज गळून पडला. स्कॉटलंडमधील बहुसंख्य जॅकोबाइट कॅथलिक नव्हतेच. ते बिशपांची व्यवस्था मानणाऱ्या प्रॉटेस्टंट पंथाचे होते. कंबरलंडच्या फौजेतही स्कॉटिश पलटणी होत्या, म्हणजे हा इंग्लंडविरुद्ध स्कॉटलंड असाही सामना नव्हता. आणि ज्या राजपुत्रासाठी इतकी घरे उजाड झाली त्याने १७५० साली गुपचूप लंडनला जाऊन, गादीच्या आशेने, अँग्लिकन पंथ स्वीकारला! त्याचा भाऊ हेन्री मात्र कार्डिनल झाला. आपल्या माणसांचा कैवार घेऊन इतिहास वाचू लागलो की आपली माणसेच आपल्याला धड दिसत नाहीत, हा धडा मी या वयात शिकलो.

पराभवानंतरची कहाणी मला लढाईपेक्षा अधिक बोलकी वाटते. डोंगरी लोकांची शस्त्रे काढून घेण्यात आली, त्यांच्या पट्ट्यापट्ट्यांच्या पोशाखावर कायद्याने बंदी आली, आणि कुळांच्या नायकांचे वंशपरंपरागत न्यायाधिकार रद्द झाले. पोशाखाची बंदी १७८२ पर्यंत होती. मात्र या बंदीला एक अपवाद होता. राजाच्या सैन्यात भरती होणाऱ्याला तोच पोशाख घालता येई. ज्यांच्या बापांना तोफांपुढे भाजून काढले, त्यांच्याच मुलानातवंडांना त्या राजाने आपल्या साम्राज्यासाठी रणांगणावर उभे केले.

हा धागा आपल्या दारापर्यंत येतो. २३ सप्टेंबर १८०३ रोजी आजच्या जालना जिल्ह्यातील असई येथे दौलतराव शिंदे आणि नागपूरकर भोसले यांच्या फौजांशी आर्थर वेलस्लीचा सामना झाला. त्याच्या सैन्यात ७४ वी आणि ७८ वी अशा दोन हायलँडर पलटणी होत्या. ७८ वी पलटण तर इन्व्हर्नेसच्या शेजारच्या रॉस परगण्यात १७९३ साली उभारलेली. शिंद्यांच्या तोफांनी त्या दिवशी असा मारा केला की वेलस्लीकडील दीड हजारांहून अधिक लोक ठार वा जखमी झाले. कलोडनवर लढलेल्यांच्या नातवंडांच्या वयाची ती मुले कैतना नदीच्या काठी मेली. ग्वाल्हेरच्या श्रोत्यांना आपल्या पूर्वजांच्या तोफखान्याचा अभिमान असणे योग्यच आहे. पण त्या तोफांपुढे कोण उभे होते, आणि तिथवर ते कशाने आले, हे आता मी वर्गात सांगतो.

अशीच एक विलक्षण घटना अमेरिकेतली. मालेचे पुढचे खंड उत्तर कॅरोलायनात घडतात. पराभवानंतर हजारो डोंगरी लोक खरोखरच समुद्र ओलांडून तिकडे गेले. पळणाऱ्या राजपुत्राला दासीच्या वेषात नावेतून नेऊन वाचविणारी फ्लोरा मॅकडोनल्ड हीसुद्धा १७७४ साली आपल्या कुटुंबासह तिथे पोहोचली. पुढच्याच वर्षी अमेरिकन वसाहतींचा लढा पेटला, तेव्हा तिचा पती इंग्लंडच्या राजाच्या बाजूने शस्त्र घेऊन उभा होता! एका राजाविरुद्ध हरलेली माणसे दुसऱ्या भूमीवर त्याच राजघराण्यासाठी पुन्हा हरली. कादंबरीकाराने हे कल्पनेने रचले असते तर आपण त्याला अतिशयोक्तीचा दोष दिला असता.

आता दोषांविषयी. ही माला निर्दोष नाही. पाल्हाळ फार आहे. योगायोगांची खैरात आहे. शृंगाराचे आणि क्रौर्याचे कित्येक प्रसंग इतके उघडे आहेत की हे खंड शाळेच्या ग्रंथालयात मी ठेवणार नाही. परंतु वाचकांवर त्यांचा पगडा केवढा, याचे एक उदाहरण पाहा. कलोडनच्या माळावर कुळांच्या नावाचे दगड १८८१ साली बसविले गेले. त्यातल्या फ्रेझर कुळाच्या दगडापाशी लोक जेमीसाठी फुले ठेवतात. कधीच न जन्मलेल्या माणसासाठी! तिथली हिरवळ पायांखाली तुडवली जाऊन नष्ट होऊ लागली आणि दगडाभोवती अडसर घालावा लागला. मला प्रथम याचा राग आला होता. आता वाटते, त्या दगडाखाली निजलेल्या नाव नसलेल्या माणसांना त्यातले एखादे फूल पोहोचत असेल.

शेवटी मूळ प्रश्न. पुढचे सारे ठाऊक असलेला माणूस मागे गेला तर इतिहास बदलेल काय? दिवंगत जयंत नारळीकरांनी ‘गंगाधरपंतांचे पानिपत’ या कथेत हा प्रश्न आपल्या पद्धतीने हाताळला. तिथे विश्वासरावांना गोळी लागत नाही, मराठे पानिपत जिंकतात, आणि जगाची वाटच निराळी होते. गॅबल्डनबाईंचे उत्तर वेगळे आहे. कलोडनला काय होणार हे क्लेअरला माहीत आहे. ती आणि जेमी पॅरिसमध्ये जाऊन राजपुत्राचे पैसे, मित्र, बेत सारे उधळू पाहतात. तरीही १६ एप्रिलची सकाळ उजाडतेच. मात्र लढाईपूर्वी जेमी आपल्या गावच्या माणसांना रणांगणावरून काढून घरी पाठवितो. युद्ध टळत नाही, पण एका गावातल्या बायका विधवा होण्यापासून वाचतात.

वर्गात मुले दरवर्षी विचारतात, “सर, त्या दिवशी असे झाले असते तर?” पूर्वी मी त्यांना गप्प करीत असे. आता मी उलट विचारतो, “तुम्ही तिथे असता, तर कोणाला घरी नेले असते?”

हाच प्रश्न मी एका रात्री ताईलाही विचारला. “तशी शिळा सापडली, तर तू कोणत्या दिवशी परत जाशील?” मला वाटले, ती वडिलांच्या दुखण्याचा आरंभ सांगेल, औषधाचे नाव सांगेल, तिला ते सारे माहीत होते. ती बराच वेळ थांबली. मग म्हणाली, “शेवटच्या दिवशी. बाबा वाचले नसते, हे मला तेव्हाही कळत होते. पण त्यांचे पाय मी पुसले असते.”

दुसऱ्या दिवशी आम्ही दोघे दफनभूमीत गेलो. तिने बरोबर एक स्वच्छ पंचा नेला होता. वडिलांच्या नावाची फरशी तिने पाणी घालून धुतली, कोरडी पुसली, आणि मग आम्ही प्रार्थना केली.