चाळणींत अडकलेलीं पत्रें

धान्य पाखडतांना फोलाबरोबर चार दाणेहि सुपाबाहेर उडतात. ई-मेलची निवड करणाऱ्यांपुढेंहि आरंभापासून हाच प्रश्न उभा आहे: नको असलेलें पत्र अडवितांना हवें असलेलें किती गमवावें?

असल्या पत्रांचें पहिलें प्रसिद्ध उदाहरण १९७८ च्या मे महिन्यांतील आहे. अमेरिकेंतील अर्पानेट या संगणकजालावर डिजिटल इक्विपमेंट कॉर्पोरेशनच्या गॅरी थुर्क यांनीं नव्या संगणकांच्या प्रात्यक्षिकाचें आमंत्रण सुमारें ४०० जणांना एकदम धाडलें. तक्रारी झाल्या, परंतु अशा पत्रांस अद्याप नांव नव्हतें. तें मिळालें डबाबंद मांसावरून! १९३७ सालीं बाजारांत आलेल्या ‘स्पॅम’ या मांसाचें नांव १९७० मधील एका ब्रिटिश दूरचित्रवाणी-प्रहसनांत इतकें घोकलें गेलें, कीं बाकीचें संभाषण त्यांत बुडालें. निरुपयोगी पत्रांच्या लोंढ्यास पुढें तेंच नांव चिकटलें.

टपालांत तिकिटाचा भार पाठविणाऱ्यावर पडतो. येथें मात्र हजार पत्रें जवळजवळ एका पत्राच्याच श्रमांत जातात. ४ जुलै १९९६ रोजीं सबीर भाटिया व जॅक स्मिथ यांनीं ‘हॉटमेल’ सुरू केलें आणि विनामूल्य पत्रपेटी सर्वांच्या हातीं आली. सोयीबरोबर लोंढाहि वाढला. १९९७ सालीं पॉल व्हिक्सी यांनीं उपद्रवी यंत्रांची यादी चालू केली. यादींतील यंत्राकडून आलेलें पत्र दारांतूनच परतविलें जाई. परंतु एकाच यंत्रावरून अनेकांचीं पत्रें जात असल्यामुळें सुक्याबरोबर ओलेंहि जळूं लागलें. इतर चाळण्याहि निर्दोष नव्हत्या. डिसेंबर २००१ मध्यें हार्वर्ड विद्यापीठानें प्रवेशासंबंधीं पाठविलेलीं कांहीं पत्रें ‘अमेरिका ऑनलाइन’च्या चाळणींत अडकलीं. ज्या विद्यार्थ्याचें भवितव्य त्या पत्रांत होतें, त्याच्या दृष्टीनें ही चूक क्षुल्लक नव्हती.

अधिक सूक्ष्म उपाय गणितानें दिला. टॉमस बेझ या इंग्रज धर्मोपदेशकाचा संभाव्यतेवरील निबंध त्याच्या मृत्यूनंतर १७६३ सालीं प्रसिद्ध झाला. त्यांतील तत्त्व १९९८ मध्यें संशोधकांनीं पत्रांच्या निवडीस लावलें, आणि ऑगस्ट २००२ मधील पॉल ग्रॅहॅम यांच्या लेखानें त्याचा प्रसार झाला. प्रत्येक शब्द चांगल्या पत्रांत किती वेळां येतो व वाईटांत किती, हें मोजून पत्राचा कल ठरवावयाचा. ‘मोफत’ हा शब्द संशय वाढवितो. स्नेह्याचें नांव तो घटवितें. वाईट पत्र सुटण्यापेक्षां चांगलें पत्र अडणें अधिक गंभीर, हें ग्रॅहॅम यांनीं आवर्जून सांगितलें व चांगल्या पत्रांतील शब्दांस दुप्पट वजन दिलें.

तथापि लबाडांनीं दुसऱ्याच्या नांवानें पत्रें धाडण्याचा मार्ग धरला होताच. म्हणून प्रेषकाची ओळख पटविणारे संकेत निघाले: ‘एसपीएफ’ कोणत्या यंत्रास पत्र पाठविण्याची परवानगी आहे तें सांगतो, ‘डीकेआयएम’ पत्रावर गणिती मोहोर उमटवितो, आणि २०१२ सालीं जाहीर झालेला ‘डीमार्क’ ओळख न पटल्यास काय करावें तें सांगतो. फेब्रुवारी २०२४ पासून गूगल व याहू यांनीं मोठ्या प्रमाणावर पत्रें धाडणाऱ्यांस हे तिन्ही आवश्यक केले.

एवढें होऊनहि शेवटचा निवाडा मनुष्याकडेच राहिला आहे. परतविलेल्या पत्राची वार्ता बहुधा प्रेषकास मिळते. स्पॅमच्या पेटींत पडलेलें पत्र मात्र मुकें राहतें, आणि जीमेलमध्यें तीस दिवसांनीं आपोआप नाहींसें होतें. पाठविणाऱ्यास वाटतें, उत्तर देण्याचें सौजन्य नाहीं. घेणाऱ्यास वाटतें, पत्रच आलें नाहीं. म्हणून ती पेटी अधूनमधून उघडून निर्दोष पत्र ‘स्पॅम नव्हे’ म्हणून बाहेर काढावें. त्यानें एक पत्र वांचतें, आणि चाळणीसहि पुढील निवडीचा धडा मिळतो.