वारसा आणि वारसदार : हार्ले-डेव्हिडसनच्या ग्राहकवर्गाचा इतिहास

अमेरिकेच्या विस्कॉन्सिन राज्यातील मिलवॉकी शहरी १९०३ साली सुरू झालेली हार्ले-डेव्हिडसन ही मोटारसायकल कंपनी शंभराहून अधिक वर्षे टिकून आहे. तिची जुनी प्रतिस्पर्धी, स्प्रिंगफील्डची इंडियन कंपनी, १९५३ मध्ये बंद पडली आणि त्यानंतर कित्येक दशके मोठ्या मोटारसायकली बांधणारी महत्त्वाची अमेरिकन कंपनी म्हणून हार्लेचेच नाव घेतले जात होते. २००६ साली तिच्या कारखान्यांतून सुमारे ३,४९,००० गाड्या बाहेर पडल्या. २०२४ मध्ये जगभर विकल्या गेलेल्या तिच्या गाड्यांची संख्या १,५१,००० च्या आसपास आहे. इतके प्रसिद्ध नाव, आणि नवा स्वार मात्र त्याकडे फिरकत नाही, हे कसे घडले?

याचे नेहमी दिले जाणारे उत्तर असे की, नव्या पिढीला मोटारसायकलीचे वेडच राहिलेले नाही. ती शहरात राहते, शैक्षणिक कर्जाने वाकलेली आहे आणि तिला जुन्या आख्यायिकांचे अप्रूप नाही. या उत्तरात काही तथ्य निश्चित आहे. परंतु नव्या पिढीच्या स्वभावावर सर्व भार टाकला की जुन्या पिढीचे ग्राहक कोठून आले होते, हा प्रश्न विचारावयाचा राहून जातो. तो विचारल्यास या इतिहासाचा रोख बदलतो. हार्लेचा भरभराटीचा काळ ज्या स्वारांनी घडविला, त्यांतील फार मोठ्या वर्गाला मोटारसायकल चालविण्यास शिकविले ते हार्लेने नव्हे, तर जपानी कारखानदारांनी. आणि ही गोष्ट कंपनीच्या ध्यानी फार उशिरा आली.

प्रथम हार्लेच्या परंपरेविषयी एक गैरसमज दूर केला पाहिजे. आज हार्ले म्हटले की पंचेचाळीस अंशांत बसविलेल्या दोन नळकांड्यांचे अवजड इंजिन, रुंद आसन आणि दुरून ओळखू येणारा आवाज, एवढेच डोळ्यांपुढे उभे राहते. (मराठीने या वाहनाचे फटफटी हे नाव आवाजावरूनच पाडले, कंपनीने तर १९९४ मध्ये त्या आवाजाचीच व्यापारचिन्ह म्हणून नोंदणी करण्यासाठी अर्ज केला आणि २००० साली तो मागे घेतला.) दोन नळकांड्यांचे इंजिन १९०९ पासूनचे आहे, हे खरे. परंतु दुसऱ्या महायुद्धानंतर डीकेडब्ल्यू या जर्मन कंपनीचा १२५ सीसी गाडीचा आराखडा युद्धभरपाई म्हणून विजेत्यांच्या हाती आला, तेव्हा त्यावरून हार्लेनेही एक छोटी गाडी काढली. १९५५ मध्ये तिचीच हमर नावाची आवृत्ती निघाली. १९६० ते १९६५ या काळात कंपनी टॉपर नावाची स्कूटर विकत होती. १९६० साली तिने एअरमाकी या इटालियन कंपनीच्या मोटारसायकल विभागात निम्मा वाटा घेतला, आणि वारेसे येथील त्या कारखान्यात तयार होणारी २५० सीसीची स्प्रिंट ही गाडी हार्लेच्या नावाने अमेरिकेत विकली जाऊ लागली. छोट्या गाडीचा हा धागा १९७८ मध्ये इटालियन कारखाना विकला जाईपर्यंत टिकला. पुढे परंपरेचा जो जयघोष झाला त्यात हमर, टॉपर आणि स्प्रिंट यांना स्थान मिळाले नाही. परंपरा म्हणून जे मिरवले जाते ते बहुधा निवडून घेतलेले असते; येथे ती निवड कारखान्यानेच केली आणि ती त्याला महाग पडली.

होंडाने १९५९ साली लॉस एंजेलिस येथे आपली अमेरिकन शाखा उघडली. तिच्या पन्नास सीसीच्या छोट्या गाडीची किंमत तीनशे डॉलरच्या आत होती. मोठ्या अमेरिकन वा ब्रिटिश गाडीला एक हजार ते दीड हजार डॉलर पडत. ही गाडी विद्यार्थी, गृहिणी, कारकून अशा, मोटारसायकलीचे नाव काढताच ज्यांच्या घरची मंडळी नाक मुरडीत, त्या वर्गाने घेतली. १९४७ साली कॅलिफोर्नियातील हॉलिस्टर गावी झालेल्या गोंधळाची वृत्ते आणि १९५३ चा ‘द वाइल्ड वन’ हा चित्रपट यांमुळे मोटारसायकलस्वार म्हणजे पुंड, अशी समजूत रूढ झाली होती. होंडाच्या जाहिरातींनी हीच समजूत खोडून काढली. १९६० साली अमेरिकेत नोंदलेल्या मोटारसायकली सहा लाखांहून कमी होत्या. १९७५ साली त्यांची संख्या पन्नास लाखांच्या घरात गेली. हा अफाट विस्तार मुख्यतः जपानी गाड्यांचा होता. १९४६ ते १९६४ या काळात जन्मलेल्या मोठ्या पिढीतील लक्षावधी मुलांनी तोल सांभाळणे, गिअर टाकणे, वळणावर कलणे हे सारे या गाड्यांवर आत्मसात केले.

होंडाच्या या यशाची मीमांसा विद्वानांत वादाचा विषय झाली. बोस्टन कन्सल्टिंग ग्रुपने १९७५ मध्ये ब्रिटिश सरकारला सादर केलेल्या अहवालात जपानी यशाचे मूळ मोठ्या प्रमाणावरील उत्पादन आणि त्यामुळे उतरणारा खर्च यांत दाखविले. उलट १९८४ मध्ये रिचर्ड पास्कल यांनी होंडाच्या अधिकाऱ्यांच्या मुलाखतींच्या आधारे असे मांडले की, कंपनी मोठ्या गाड्या विकण्याच्या इराद्याने आली होती; छोटी गाडी तिचे नोकर स्वतःच्या कामाला वापरीत होते आणि तिला मागणी आली ती जवळजवळ अनपेक्षितपणे. वाद कोणाच्याही बाजूने मिटो. प्रस्तुत विषयाच्या दृष्टीने अहवालातील दुसरेच निरीक्षण मोलाचे आहे. ब्रिटिश कारखानदारांनी छोट्या गाडीच्या वर्गात जपान्यांशी झुंज न देता मधल्या वर्गात माघार घेतली, तेथून पुन्हा मोठ्या गाडीच्या वर्गात. प्रत्येक माघार त्या त्या वर्षीच्या हिशेबात शहाणपणाची दिसे, कारण मोठ्या गाडीवर नफा अधिक सुटे. माघार घ्यावयास जागा उरली नाही तेव्हा कारखाने बंद पडले.

हार्लेनेही हीच माघार घेतली. फरक इतकाच की, शेवटच्या ठाण्यावर तिला वीस-पंचवीस वर्षे उत्तम दिवस लाभले. १९६९ साली ती एएमएफ या मोठ्या उद्योगसमूहात विलीन झाली. त्या काळात उत्पादन वाढले आणि गुणवत्ता ढासळली. १९८१ मध्ये तेरा अधिकाऱ्यांनी बहुतांशी कर्जाऊ भांडवलावर ती परत विकत घेतली. १९८३ मध्ये अध्यक्ष रेगन यांनी ७०० सीसीहून मोठ्या परदेशी मोटारसायकलींवर ४५ टक्के जादा जकात बसविली. ती पाच वर्षांत उतरत जावयाची होती. कंपनीने १९८७ मध्ये ती मुदतीपूर्वीच उठविण्याची विनंती केली, आणि तेवढ्याने तिची पत वाढली. १९८३ मध्येच हार्ले मालकांचा संघ स्थापन झाला. १९८४ मध्ये तेल न गळणारे, भरवशाचे नवे इंजिन आले, आणि त्याच वर्षीच्या सॉफ्टेल गाडीची मागची स्प्रिंग अशी दडविली होती की, गाडी युद्धपूर्व काळातील दिसावी. संस्थापकांपैकी एकाचे नातू विली जी. डेव्हिडसन हे या रूपरचनेचे प्रमुख होते. यंत्र नवे आणि मुद्रा जुनी, हे सूत्र येथे पक्के झाले.

या सूत्राला ग्राहक मिळाला तो चाळिशीकडे झुकलेला, नोकरीधंद्यात स्थिरावलेला पुरुष. तारुण्यात त्याने होंडा किंवा यामाहा चालविली होती, संसारात ती विकली होती, आणि आता त्याच्या हाती पैसा होता. १९९० नंतर मागणी इतकी वाढली की, नव्या गाडीसाठी महिनोन्‌महिने थांबावे लागे आणि वापरलेली गाडी कधीकधी नव्याहून महाग विकली जाई. ज्या धंद्यात गिऱ्हाईक रांग लावून उभे असते त्याला नवे गिऱ्हाईक घडविण्याची निकड भासत नाही. तरी एक अपवाद नोंदविला पाहिजे. १९८६ साली ८८३ सीसीची स्पोर्टस्टर ३,९९५ डॉलरला विक्रीस आली, आणि ती देऊन मोठी हार्ले घेणाऱ्यास पुढे तिची पूर्ण किंमत वळती करून देण्याची हमी मिळू लागली. जिन्याची ही एकच पायरी कंपनीने स्वतः बांधली होती. ती सुद्धा पहिल्या मजल्यापासून वर जाणारी होती, जमिनीवरून नव्हे.

दरम्यान खालच्या पायऱ्या मोडत होत्या. १९८० नंतर अमेरिकेतील छोट्या मोटारसायकलींचा बाजार बसला. जपानी कंपन्यांच्या आपसातील चुरशीत गाड्यांचे ढीग साचले आणि पुढे त्यांनीही त्या वर्गातून बरेच अंग काढून घेतले. परिणाम वयोमानात दिसतो. तेथील मोटारसायकल उद्योगाच्या परिषदेच्या पाहणीनुसार मालकांचे मध्यक वय १९९० मध्ये ३२ होते, २०१४ मध्ये ४७ झाले आणि २०१८ मध्ये ५०. हे आकडे सर्व कंपन्यांच्या मालकांचे आहेत, केवळ हार्लेच्या नव्हेत. तरीही त्यांतून एक गोष्ट उघड होते : अठ्ठावीस वर्षांत मध्यक वय अठरा वर्षांनी वाढणे याचा अर्थ बहुतांशी तीच माणसे वृद्ध होत गेली. त्याच पाहणीत स्त्री-मालकांचे प्रमाण २००९ मधील सुमारे १० टक्क्यांवरून २०१८ मध्ये १९ टक्क्यांवर गेले, म्हणजे नवा स्वार मुळीच नव्हता असे म्हणता येत नाही.

कंपनी स्वस्थ बसली नव्हती. २००० पासून तिच्या विक्रेत्यांकडे नवशिक्यांचे वर्ग भरू लागले. परंतु शिकण्यासाठी दिली जाणारी गाडी ब्यूएल या तिच्या उपकंपनीची होती, आणि ती उपकंपनी २००९ मध्ये बंद करण्यात आली. पोर्शेच्या साहाय्याने २००१ मध्ये काढलेली व्ही-रॉड जुन्या मालकांनी मनापासून आपली मानली नाही. २०१३ च्या अखेरीस ५०० व ७५० सीसीच्या स्ट्रीट गाड्या जाहीर झाल्या. सात-आठ वर्षांत त्याही गेल्या. २०१७ मध्ये दहा वर्षांत अमेरिकेत वीस लक्ष नवे स्वार तयार करण्याचा संकल्प सोडण्यात आला, आणि पुढच्याच वर्षी कॅन्सस सिटी येथील कारखाना बंद करण्याचा निर्णय झाला. तेथील सुमारे आठशे कामगारांची कामे गेली. २०१९ ची विजेवर चालणारी लाइव्हवायर तरुणांसाठी होती म्हणतात. तिची किंमत २९,७९९ डॉलर होती.

या प्रयत्नांत सातत्य का राहिले नाही, याचे कारण केवळ व्यवस्थापकांच्या चंचलतेत शोधणे न्याय्य होणार नाही. मोठी गाडी, तिचे सुटे अलंकार, कपडे आणि कर्जावरील व्याज यांवर विक्रेत्याचे दुकान चालते. छोटी गाडी विकण्याचे श्रम तितकेच आणि प्राप्ती थोडी. शिवाय छोटी हार्ले ही खरी हार्ले नव्हे, हे मत जुन्या मालकांच्या मनात कंपनीच्याच प्रचाराने रुजविले होते. नवागताने ती घेतली तर त्याला मेळाव्यात हिणवले जाण्याची धास्ती.

वारशाचे ओझेच नव्या स्वाराला दूर ठेवते, असे मानावयाचे तर भारतातील दाखला आडवा येतो. हार्लेचा भारतप्रवेश कोकणच्या आंब्याशी जोडला गेला होता, ही गोष्ट मराठी वाचकास परिचित असेल. २००७ मध्ये भारताने मोठ्या अमेरिकन मोटारसायकलींची आयात मोकळी केली आणि अमेरिकेने भारतीय आंब्यावरील बंदी उठविली. लासलगाव येथे विकिरण-प्रक्रिया झालेला हापूस त्याच हंगामात अमेरिकेस गेला. हार्लेची विक्री २०१० मध्ये सुरू झाली, हरियाणातील बावल येथे जुळणीचा कारखाना निघाला आणि २०२० मध्ये कंपनीने स्वतःचा पसारा आवरून काम हीरो मोटोकॉर्पकडे सोपविले. त्याच देशात, १९०१ मध्ये इंग्लंडात पहिली मोटारसायकल काढणाऱ्या आणि १९५५ पासून मद्रासेत बांधल्या जाणाऱ्या रॉयल एनफील्डचा खप २०२४-२५ या वर्षात दहा लाखांपलीकडे गेला. वारसा तिलाही आहे, आणि तोच तिचे भांडवल आहे. मात्र तिने ओतीव लोखंडाचे जुने इंजिन काढून टाकले, उजव्या पायाचा गिअर डावीकडे आणला, बटणाने सुरू होणारी गाडी दिली, आणि यावर काही जुने बुलेटप्रेमी रुष्ट झाले तरी माघार घेतली नाही. याहून महत्त्वाचे म्हणजे तिच्या खालच्या पायऱ्या शाबूत होत्या. भारतात १०० ते १५० सीसीची गाडी हे रोजच्या वापराचे वाहन असल्याने वीस वर्षांचा मुलगा ३५० सीसीपर्यंत पोहोचतो तेव्हा तो आधीच स्वार झालेला असतो. हीरोबरोबर २०२३ मध्ये हार्लेने काढलेली ४४० सीसीची गाडी, आणि त्याच महिन्यात बजाजने ट्रायम्फच्या नावाने आणलेली, चाकणला बांधली जाणारी ४०० सीसीची गाडी, या दोन्ही या तयार पायऱ्यांचाच लाभ घेतात.

अमेरिकेत तशी पायरी पुन्हा बांधण्याचा विचार अखेर झाला आहे. २०२५ च्या जुलैमध्ये कंपनीने सहा हजार डॉलरहून कमी किमतीची एक छोटी गाडी आणण्याचे जाहीर केले. तिच्यासाठी निवडलेले नाव स्प्रिंट हे आहे. वारेसेच्या कारखान्यातून येणाऱ्या आणि परंपरेच्या यादीतून गळालेल्या त्या २५० सीसीच्या गाडीचे नाव हेच होते.