तळटीप १७ : पीथ्रेड
१७. पीथ्रेड : एकाच प्रोग्रामात अनेक थ्रेड समांतर चालवायचे असल्यास जीसीसी या कंपायलरला द्यायचा पर्याय. थ्रेडांचे पॉझिक्स मानक १९९५चे. लिनक्सवर थ्रेडांची लायब्ररी मूळ सी-लायब्ररीहून वेगळी होती. तिला लागणारा मॅक्रो ठरवणे आणि ती जोडणे ही दोन्ही कामे हा एकच पर्याय करी. तो राहून गेला, तर काही प्रोग्राम बिनतक्रार तयार होत आणि चालवताना कोसळत; मजकुरातला लेखकाचा त्रागा त्यामुळेच रास्त आहे. ग्लिबसी या मूळ सी-लायब्ररीच्या ऑगस्ट २०२१मध्ये आलेल्या २.३४ आवृत्तीने थ्रेडांची लायब्ररी स्वतःतच सामावून घेतली. जुन्या बिल्ड-आज्ञा मोडू नयेत म्हणून त्याच नावाची रिकामी फाइल मात्र आवर्जून ठेवली. मजकुरात आलेले ‘पवईचे केंद्र’ म्हणजे आयआयटी मुंबईतील जीसीसी रिसोर्स सेंटर.