दुसऱ्या नंबरचा कीपर

अकरा जणांच्या संघात पाच-सहा फलंदाज असतात, चार-पाच गोलंदाज. विकेटकीपर एकच. त्यामुळे देशातला दुसऱ्या नंबरचा फलंदाज वर्षानुवर्षं खेळतो आणि दुसऱ्या नंबरचा कीपर पाण्याच्या बाटल्या घेऊन मैदानात धावतो. आम्हा सॉफ्टवेअरवाल्यांच्या भाषेत, बॅकअप सर्व्हर. कायम चालू, मुख्य सर्व्हर पडेपर्यंत कुणी विचारत नाही.

चंद्रकांत पंडित असे बॅकअप होते. जन्म १९६१, मुंबई. त्यांच्या आधीचे सय्यद किरमाणी ८८ कसोट्या खेळले, त्यांच्याच काळातले किरण मोरे ४९. पंडितांच्या वाट्याला ५. त्यातली पहिली, १९८६ ची हेडिंग्लेची, तर निव्वळ फलंदाज म्हणून. ग्लोव्ह्ज मोरेंच्या हातात. १९८७ च्या विश्वचषकाची उपांत्य फेरी वानखेडेवर खेळले, तेव्हाही तेच.

आमच्या गारखेड्यात रविवारच्या टेनिस बॉल मॅचला जो दुसरं काही करू शकत नाही त्याला स्टंपमागे उभं करतात. मला हा अन्यायच वाटतो. रणजीत दिवसाला ९० ओव्हर, म्हणजे ५४० वेळा खाली बसून उठायचं, आणि मग बॅटिंगही करायची. पंडितांनी हे मुंबई, मध्य प्रदेश आणि आसाम अशा तीन संघांसाठी केलं. प्रथम श्रेणीचे १३८ सामने, आठ हजारांवर धावा, सरासरी ४८ च्या वर. हे आकडे बघून मी दोनदा खात्री केली, कारण कीपरसाठी तेव्हा ही सरासरी फारच मोठी होती.

१९९८-९९ ची रणजी फायनल बंगळुरूत झाली. पंडित मध्य प्रदेशचे कर्णधार. कर्नाटकवर पहिल्या डावाची आघाडी घेतलेली, म्हणजे सामना अनिर्णित राहिला असता तरी करंडक त्यांचाच. शेवटच्या दिवशी संघ कोसळला. ९६ धावांनी हार.

मग प्रशिक्षकपद. इथेही भटकंतीच. मुंबईला रणजी जिंकून दिली, विदर्भाला सलग दोनदा, २०१७-१८ आणि २०१८-१९ ला. विदर्भाने त्याआधी ती कधीच जिंकली नव्हती. त्यानंतर पुन्हा मध्य प्रदेश.

२६ जून २०२२. तेच चिन्नास्वामी स्टेडियम, पुन्हा फायनल. मध्य प्रदेशने सहा गडी राखून पहिल्यांदा रणजी जिंकली आणि पंडित मैदानावर रडले. समोरचा हरलेला संघ मुंबईचा होता.