दहशतीची व्याख्या

९ ऑक्टोबर १९३४ रोजी युगोस्लाव्हियाचे राजे अलेक्झांडर फ्रान्समधील मार्सेय बंदरात युद्धनौकेतून उतरले आणि काही मिनिटांतच मारेकऱ्याच्या गोळ्यांना बळी पडले. त्यांच्या स्वागतास आलेले फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री लुई बार्तू हेही त्या गोळीबारात प्राणास मुकले. सारायेव्होच्या गोळीने पेटलेला वणवा विझून अवघी सोळा वर्षे झाली होती. साहजिकच युरोप हादरला.

या कटामागे उस्ताशा ही क्रोएशियन संघटना होती. तिच्या माणसांना हंगेरीत आश्रय होता, तसाच इटलीतही होता. तिचा नेता पाव्हेलिच तर इटलीतच राहत असे. तथापि राष्ट्रसंघापुढे फिर्याद गेली ती एकट्या हंगेरीविरुद्ध. मुसोलिनी दुखावला जाऊ नये, अशी फ्रान्स व ब्रिटन यांची इच्छा होती. दुबळ्या हंगेरीच्या पदरी ठपका आला. बलाढ्य इटलीचे नावही ठरावात आले नाही.

याच प्रकरणातून १६ नोव्हेंबर १९३७ रोजी जिनिव्हा येथे दहशतवादविरोधी करार सिद्ध झाला. कोणत्याही राज्याने दुसऱ्या राज्याविरुद्ध अशा कृत्यांना उत्तेजन देऊ नये, हे तत्त्व त्यात नमूद झाले, हे त्याचे श्रेय होय. परंतु दहशतवाद म्हणजे ‘राज्याविरुद्ध’ केलेली गुन्हेगारी कृत्ये, अशी त्याची व्याख्या होती. राज्यानेच प्रजेवर दहशत बसविली तर काय, याचे उत्तर त्यात नव्हते.

हा प्रश्न काल्पनिक नव्हता. त्याच वर्षी फेब्रुवारीत, इटलीने जिंकलेल्या इथिओपियाच्या राजधानीत, इटालियन व्हाइसरॉय ग्राझियानी यांच्यावर बाँब फेकण्यात आले. त्याचा सूड म्हणून अदिस अबाबात तीन दिवस कत्तल चालली आणि हजारो निरपराध माणसे मारली गेली. जिनिव्हाच्या व्याख्येत बाँब फेकणारे बसू शकत होते. कत्तल करणारे बसत नव्हते.

करारावर चोवीस राष्ट्रांनी सह्या केल्या, पण त्याला अंतिम मान्यता दिली ती एकट्या हिंदुस्थानने, १९४१ साली. अर्थात ती मान्यता ब्रिटिश सत्तेची होती. ते सरकार ज्यांना दहशतवादी म्हणे, त्यांना जनता क्रांतिकारक म्हणून वंदन करीत होती. करार कधीच अमलात आला नाही.

१९९६ साली स्वतंत्र भारताने संयुक्त राष्ट्रांपुढे दहशतवादाविरुद्धच्या व्यापक कराराचा मसुदा मांडला. तोही अद्याप संमत झालेला नाही. मुक्तिलढे आणि राज्यांची सैन्ये व्याख्येत घ्यावीत की वगळावीत, येथेच गाडे अडले आहे. निरपराध माणसाच्या मृत्यूला मारणाऱ्याच्या गणवेशावरून निरनिराळी नावे दिली जातील, तोवर त्या व्याख्येला न्यायाचे बळ लाभणार नाही.