उपप्रश्न

ऑगस्ट १९०१

नाणेघाटाच्या माथ्यावर पाऊस कोसळत असला तरी तो निमगाव सावापर्यंत पोचेलच असं नाही. जुन्नर तालुक्याचा हा पूर्व पट्टा. ढग पश्चिमेलाच रिते होतात, इथे येतो तो वारा. तुम्ही बांधावर उभे आहात. बाजरी जेमतेम गुडघ्याएवढी. गोठ्यात दावी दोन, बैल एक. दुसरा १८९९-१९०० च्या दुष्काळात गेला.

चावडीवर कुलकर्णी दप्तर उघडून बसलेत. धोतराचा सोगा सावरत एक कुणबी पायरीवर टेकतो.

‘‘तहकुबीचं काय झालं, आप्पा?’’

‘‘हुकूम नाही आला अजून.’’

‘‘मग सारा भरायचा कशातून?’’

आप्पा पान उलटतात. या प्रश्नाला त्यांच्या दप्तरात रकाना नाही.

तुम्ही त्या प्रश्नाचा माग काढत निघता. नारायणगावपर्यंत गाडीवाट, मग पुणे-नाशिक रस्ता, मग पुण्याचा कॅम्प आणि तिथला कौन्सिल हॉल. आत मुंबई इलाख्याचं कायदेमंडळ भरलंय. अध्यक्षस्थानी खुद्द गव्हर्नर लॉर्ड नॉर्थकोट. विषय जमीन महसूल कायद्याच्या दुरुस्तीचा. साऱ्याच्या थकबाकीत सरकारजमा झालेली जमीन शेतकऱ्याला परत देताना ती विकता किंवा गहाण टाकता येणार नाही, अशी अट सरकारला घालायची आहे. सरकारी बाजू म्हणते, सावकारापासून वाचवतोय. फिरोजशहा मेहता म्हणतात, कुणब्याची पतच काढून घेताय. लोकांना विचारा, घाई करू नका. मतं मोजली जातात. सरकारी आणि सरकारने नेमलेल्या सभासदांचं पारडं आधीपासूनच जड. मेहता उठून बाहेर पडतात. त्यांच्या मागोमाग काही लोकनियुक्त सभासद, त्यांत पुण्याचे गोपाळ कृष्ण गोखले. विधेयक मंजूर होतं.

असं उठून जाण्यावाचून त्यांच्या हाती दुसरं काय होतं? सभासदांना प्रश्न विचारण्याचा हक्क १८९२ च्या कायद्याने मिळाला खरा. पण आगाऊ सूचना द्यायची, प्रश्न लेखी द्यायचा, उत्तर वाचलं गेलं की गप्प बसायचं. उत्तरावर चर्चा नाही, दुसरा प्रश्न नाही. ‘बाब सरकारच्या विचाराधीन आहे’ म्हटलं की संपलं. आप्पांनी पान उलटलं आणि कौन्सिलाने पान उलटलं, यात फरक फक्त इमारतीचा.

सप्टेंबर १९२३

बावीस वर्षं पुढे. मधल्या काळात दोन कायदे झालेत. १९०९ च्या सुधारणेने मूळ प्रश्न विचारणाऱ्याला एक उपप्रश्न विचारता येऊ लागला. १९१९ च्या सुधारणेने तो हक्क सभागृहातल्या कोणालाही मिळाला. शिवाय शिक्षण, आरोग्य, स्थानिक स्वराज्य अशी ‘सोपीव’ खाती पहिल्यांदाच मंत्र्यांकडे आली. रँग्लर परांजपे शिक्षणमंत्री झाले ते याच व्यवस्थेत. पोलीस आणि महसूल मात्र ‘राखीव’, म्हणजे गव्हर्नरच्या कार्यकारी मंडळाच्या मुठीत. कुणब्याचा साऱ्याचा प्रश्न अजून बंद दाराआडच आहे. शाळेचा आणि विहिरीचा दाराबाहेर आलाय.

विहिरीचा तर ठरावच झालाय. ४ ऑगस्टला सीताराम केशव बोले यांनी मुंबई कायदे कौन्सिलात मांडला आणि तो संमत झाला: सरकारी पैशाने बांधलेले वा चालवलेले पाणवठे, विहिरी, धर्मशाळा, तसंच शाळा, न्यायालयं, कचेऱ्या, दवाखाने अस्पृश्यांना खुले असावेत. ११ सप्टेंबरला सरकारने खात्यांना अंमलबजावणीचं पत्रही धाडलं.

या पट्ट्यातल्या कुठल्याही गावात आता उतरा. लोकल बोर्डाच्या पैशातून बांधलेली विहीर, तिच्यापासून चार हात लांब रिकाम्या घागरी घेऊन उभ्या असलेल्या बाया. कुणी वरून पाणी ओतलं तर घागर भरेल. ठरावाची नक्कल पाटलाच्या दप्तरात असेलही. त्या नकलेत दोर आणि पोहरा नाही.

कारण ठराव म्हणजे शिफारस. सरकारने ती खाली पाठवली, खालच्यांनी आणखी खाली पाठवली. महाड नगरपालिकेने जानेवारी १९२४ मध्ये आपलं तळं खुलं केल्याचा ठराव केला, तोही कागदावरच राहिला. ऑगस्ट १९२६ मध्ये बोले पुन्हा उभे राहिले: ज्या स्थानिक संस्था ऐकत नाहीत त्यांचं अनुदान रोखा. पुढच्या वर्षी फेब्रुवारीत डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी याच कौन्सिलाचे सभासद म्हणून शपथ घेतली, आणि २० मार्च १९२७ ला महाडच्या त्याच चवदार तळ्याचं पाणी ओंजळीत घेतलं. ज्या सभागृहाने पाणी खुलं केलं, त्याच सभागृहाच्या सभासदाला ते प्यायला हजारो माणसं घेऊन तळ्यावर जावं लागलं. सभागृहाच्या आत उपप्रश्नाला सरकारकडून उत्तर मिळेना, तेव्हा तो बाहेर विचारला गेला.

एप्रिल १९७३

उन्हाने डोळे बारीक होतात. माळावर दगड फोडणाऱ्यांची रांग, डोक्यावर ओलं फडकं, हातात घण. पलीकडे पाझर तलावाची माती निघतेय. मुकादम हजेरीपत्रक घेऊन फिरतोय. दुपारी सुकडी वाटतात, पोरं मुठी भरून घेतात. घरात अमेरिकेहून आलेल्या लाल मिलोची भाकरी. ती तव्यावर चिरते आणि घशाखाली उतरत नाही. राज्यभरात अशा दुष्काळी कामांवर पन्नास लाखांच्या आसपास माणसं आहेत.

पगार पंधरवडा उलटला तरी नाही. तुमच्या शेजारची बाई घण खाली ठेवते.

‘‘मुकादम, पैसं कवा?’’

‘‘वरून आलं की.’’

वर म्हणजे मुंबई. तिथे २७० पैकी २२२ आमदार काँग्रेसचे, मुख्यमंत्री वसंतराव नाईक. विरोधक मूठभर, पण त्यांत दि. बा. पाटील आहेत आणि गोरेगावच्या मृणाल गोरे आहेत. माणसं थोडी असली तरी एक तास त्यांचा असतो, प्रश्नोत्तराचा. त्या तासाला प्रश्न कसा पोचतो, ते नीट बघा. त्याचा साचा ठरलेला आहे. सन्माननीय मंत्री पुढील गोष्टींचा खुलासा करतील काय: (१) अमुक कामावरील मजुरांना वेतन मिळाले नाही, हे खरे आहे काय, (२) असल्यास, याबाबत चौकशी केली आहे काय, (३) नसल्यास, विलंबाची कारणे काय आहेत?

तारांकित असेल तर तोंडी उत्तर, आणि मागोमाग उपप्रश्न. अतारांकित असेल तर नुसता लेखी कागद.

प्रश्न सचिवालयात येतो. मंत्रालय हे नाव अजून दोन वर्षांनी पडायचंय. सचिवालयातून कलेक्टर कचेरीत, तिथून जुन्नरच्या तहसीलला, तिथून तलाठ्याकडे. तुम्ही तलाठ्याच्या खांद्यावरून वाकून बघता. कंदिलाची काच काजळलीय. ‘तातडीचे’ असा शिक्का मारलेला कागद चार दिवस उशिरा पोचलाय, उत्तर मात्र उद्याच हवंय. ज्याच्या कामाबद्दल तक्रार, त्याच कामाची माहिती त्याच साखळीतल्या माणसाकडे मागितलीय. तो टाक बुडवतो, थबकतो, लिहितो: ‘‘कळविण्यात येते की, सदर बाब अंशतः खरी आहे.’’ पुढच्या रकान्यात: ‘‘कार्यवाही चालू आहे.’’ शेवटच्यात: ‘‘प्रश्न उद्भवत नाही.’’

हाच कागद आला तसा पायऱ्या चढत वर जातो. दर पायरीवर सही होते आणि एखादं अडचणीचं वाक्य गळून पडतं. मंत्री सभागृहात वाचतात ते निमगावासारख्याच एखाद्या गावात लिहिलेलं असतं, फक्त इस्त्री होऊन आलेलं.

आणि मग विरोधी बाकावरून कुणीतरी उभं राहतं: ‘‘अध्यक्ष महोदय, अंशतः खरे म्हणजे किती मजूर? त्यांचा पगार कोणत्या तारखेला होणार?’’

या प्रश्नाचा कागद आधी कुणाकडे गेलेला नाही. त्याला कलेक्टर नाही, तलाठी नाही. अधिकाऱ्यांच्या गॅलरीतून चिठ्ठ्या धावू लागतात. मंत्र्याला प्रकरण माहीत आहे की नाही, हे त्या अर्ध्या मिनिटात सगळ्या सभागृहाला कळतं. तारीख दिली तर ती आश्वासन म्हणून नोंदली जाते आणि आश्वासन समिती तिचा पाठपुरावा करू शकते. नाही दिली तर अध्यक्ष प्रश्न राखून ठेवू शकतात. सगळा तास या एका जागेसाठी असतो.

त्या दुष्काळातून पुष्कळ निघालं. मागेल त्याला काम ही वि. स. पागे यांची कल्पना कायद्यात आली आणि २६ जानेवारी १९७९ पासून लागू झाली. इकडे कुकडीचा प्रकल्प पुढे सरकला. येडगाव, वडज, माणिकडोह ही धरणं पुढच्या दहा-बारा वर्षांत उभी राहिली. पाण्याच्या प्रश्नाला उत्तर मिळालं, निदान कालव्याच्या टप्प्यात येणाऱ्यांना.

डिसेंबर २०२५

त्या उत्तरातूनच नवा प्रश्न उगवलाय, आणि तो तुमच्यापासून दहा हातांवर बसलेला असू शकतो.

रात्रीचे अकरा. थंडी बोटांत शिरलीय. कालव्याला आवर्तन आलं, विहिरीला पाणी आहे, पण पंपाची पाळी रात्रीची लागलीय. दोन्ही बाजूंनी ऊस डोक्यावर. पाणी आलं तसा ऊस आला, उसाला दाट सावली आली आणि सावलीत बिबट्या आला. मादी फडातच पिल्लं घालते. तोडणीला आलेल्या टोळीला ती सापडतात. डोंगरातला बिबट्या हे आता जुनं चित्र. इथल्या पिढ्या उसातच वाढल्यात.

‘‘आबा, थांबा, एकटं नका जाऊ. बॅटरी घेतो.’’

‘‘अरे, मोटर तर चालू करतो. लाईट तीनला जाईल.’’

काठी, बॅटरी, मोबाईलवर मोठ्याने लावलेलं गाणं. तुम्ही तिघं सरीच्या कडेने चालता. ऊस सळसळतो. वारा असावा.

जुन्नर, आंबेगाव, खेड, शिरूर या चार तालुक्यांचा एकच जुन्नर वनविभाग. या नोव्हेंबरात शिरूरमधल्या पिंपरखेडच्या हल्ल्यांनंतर लोकांनी मंचरला पुणे-नाशिक महामार्ग रोखून धरला होता. आता नागपूरला हिवाळी अधिवेशन भरलंय, आणि जुन्नरचे आमदार शरद सोनवणे बिबट्याचा वेश घालून विधानभवनात आलेत. कॅमेरे वळतात. दिवसभर तेच चित्र फिरतं. वनमंत्री गणेश नाईक जंगलात शेळ्या सोडण्याचा विचार मांडतात. बिबट्याला तिथेच खायला मिळालं तर तो गावात येणार नाही, आणि मृतांच्या वारसांना दर वेळी पंचवीस लाख देण्यापेक्षा ते परवडेल. त्यावरही दिवसभर विनोद होतात.

तुम्ही मात्र आबांच्या बांधावरून आलाय, त्यामुळे तुमच्या मनात वेगळाच उपप्रश्न आहे. जो बिबट्या उसात जन्मला, ज्याने जंगल पाहिलंच नाही, तो शेळीसाठी तिकडे जाईल का? आणि आबांना रात्री अकराला शेतात नेलं ते बिबट्याने नाही, विजेच्या वेळापत्रकाने. हे मंत्र्यांना विचारलं, तर उत्तर मिळू शकतं की हा विषय ऊर्जा विभागाचा आहे. ऊस पाण्यावर, पाणी जलसंपदेकडे. पिंजरे वनखात्याकडे, भरपाईला मंजुरी आणखी कुठे. मंत्रालयात या बाबी वेगवेगळ्या मजल्यांवर असतात. आबांच्या रात्रीत त्या एकाच सरीत असतात.

प्रश्न खात्यांच्या चौकटीत बसवून विचारावा लागतो, म्हणून तो सुटण्याआधीच विभागला जातो. आमदाराला ठिपकेदार काहीतरी अंगावर चढवून यावं लागतं, ते थोडं यामुळेही. वेश लक्ष वेधतो. पण दिवसा वीज कोणत्या फीडरला, कोणत्या महिन्यापासून, आणि नाही मिळाली तर जबाबदार कोण, हे वेशातून विचारता येत नाही. त्यासाठी यादीतला क्रमांक लागतो, उभं राहावं लागतं आणि उत्तर आल्यावर बसून न जाता पुन्हा विचारावं लागतं.

२६ जानेवारी २०२६

झेंडावंदन झालं, पोरांनी गोळ्या घेतल्या, ग्रामसभा सुरू झाली. पुढे सरपंच, शेजारी प्रोसिडिंग लिहायला ग्रामपंचायत अधिकारी. मागे भिंतीला टेकून बसलेली मंडळी चहाची वाट बघताहेत. मघाचेच आबा उठतात आणि दिवसाच्या विजेचं विचारतात.

‘‘प्रस्ताव पाठवलाय, आबा.’’

एकशे पंचवीस वर्षांत हे उत्तर फारसं बदललेलं नाही: हुकूम नाही आला, वरून आलं की, कार्यवाही चालू आहे, प्रस्ताव पाठवलाय. बदललंय ते विचारणाऱ्याच्या हातातलं सामान. १९०१ मध्ये गोखल्यांच्या बरोबरीच्या माणसालाही उत्तरावर दुसरा प्रश्न विचारता येत नव्हता. आज तो या सभेतल्या कुठल्याही मतदाराला विचारता येतो, आणि त्याची प्रोसिडिंगात नोंद घ्या म्हणता येतं. सभेत भागलं नाही तर माहिती अधिकार आहे. शेजारच्या पारनेर तालुक्यातल्या राळेगणसिद्धीहून त्यासाठी मोठा लढा झाला. राज्याचा कायदा २००२ चा, देशाचा २००५ चा. दहा रुपयांचा अर्ज, तीस दिवसांची मुदत, आणि गोल उत्तर आलं तर पहिलं अपील. ते अपील म्हणजे गावाचा उपप्रश्नच.

तेव्हा खाली बसू नका. आबांच्या शेजारी उभे राहा आणि विचारा: प्रस्ताव कोणत्या तारखेला गेला, कोणाच्या नावे गेला, आणि त्याचा जावक क्रमांक काय?